मुलखातल्या विहिरीचं पाणी

कसबा बावडा, कोल्हापूर
मे २००८

ती. आकाराममामा आणि ती. मामी यांना
अक्षताचा सप्रेम जयभीम.

संगणकाच्या खेळातला एक माणूस वीस वर्षं नदीचं पाणी पिऊन तापानं मरत राहिला, तर चूक कुणाची म्हणायची? त्याची, खेळ बनवणाऱ्याची, की त्याला हिंडवणाऱ्याची? मला याचं उत्तर येत नाही. तुम्हाला विचारावं, तर हिंडवणारे तुम्हीच. म्हणून तो प्रश्न तसाच ठेवते आणि आधी रीतीप्रमाणे प्रकृतीची चौकशी करते. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर आटोक्यात आहे ना? (ज्यानं निम्मी हयात साखर कारखान्यात घालवली, त्याच्याच घरात साखर चोरून खावी लागावी, यावर आई अजून हसते. मी हसत नाही. मला तो अन्याय वाटतो.) इकडे आम्ही खुशाल आहोत. आबांचा खोकला गेला, पण खोकायची सवय राहिली आहे. आईनं सांडगे घातलेत, तुमच्या वाटणीचे बाजूला काढलेत. वीज रोज जाते आणि रोज आम्हाला नव्यानं आश्चर्य वाटतं.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. परवा मी "मामा, त्या बोर्डाचं" एवढं म्हणेपर्यंत तुम्ही "बिल वाढतंय" म्हणून ठेवून दिलात. फोन मी केला होता, बिल माझं वाढत होतं. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. ठेवलंत तरी मामी उचलून वाचतील.

तर विषय बोर्डाचाच आहे. तुम्हाला अर्धा माहीत आहे, तरी सगळा लिहिते, नाहीतर मामी तुम्हाला विचारतील आणि तुम्ही त्यांना तुमच्या बाजूनं सांगाल. चार वर्षं दुसऱ्यांच्या क्लासमध्ये शिकवल्यावर मी आता स्वतःचा संगणक क्लास काढते आहे. जागा आपल्या वस्तीत नाही. भर चौकात, तात्यांच्या घराची खालची, रस्त्याकडे तोंड असलेली खोली आहे. तात्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, भला माणूस. करारावर सही करताना त्यांनी मला स्वतःचं पेन दिलं. अडचण एकच आहे. दारावरच्या बोर्डावर मला माझं नाव हवं आहे, "अक्षता कांबळे, बी.एस्सी." असं पूर्ण, आणि बाकी सगळ्यांना ते अर्धं हवं आहे. 'अक्षता कॉम्प्युटर्स' म्हण, बास झालं, असं तात्या म्हणतात. आबाही तेच म्हणतात. आणि तुम्ही तर अख्खं आंतर्देशीय पत्र भरून लिहिलंत, की चौकातले आईबाप कांबळ्यांच्या क्लासला पोरं पाठवणार नाहीत, चार महिन्यांत जागा हातची जाईल, तेव्हा आडनाव गिळ आणि धंदा कर, माझं बघ.

तुमचं बघितलं, मामा. आईचं माहेरही कांबळ्यांचंच, पण पुण्याला गेल्यापासून तुम्ही दारावर 'आ. धों. पन्हाळकर' आहात. पन्हाळ्याच्या पायथ्याला आपल्या लोकांची चार घरं होती, तेवढ्यावर पन्हाळकर. तुमच्या सोसायटीतले लोक तुम्हाला गडावरच्या जुन्या सरदार घराण्यातले समजतात आणि तुम्ही त्यांना नाही म्हणत नाही, नुसते खोकता, असं तुमचाच प्रसेनजीतदादा सांगतो. नामांतराच्या मोर्चात तुम्ही लाठी खाल्लीत, तुरुंगात गेलात, ते आई आम्हाला झोपताना गोष्टीसारखं सांगायची. विद्यापीठाच्या नामांतरासाठी एवढा मार खाल्लात आणि स्वतःचं नामांतर मात्र शेजाऱ्यांनाही कळू न देता उरकलंत. (हे वाक्य मी खोडणार होते. खोडत नाही.)

रागावू नका, पुढं वाचा. माझं बोर्डाबद्दलचं मत कुठल्या पुस्तकात बनलेलं नाही. ते मुलखात बनलं, म्हणून आधी मुलखाबद्दल लिहिते. 'मुलूख' हे नाव तुम्हीच ठेवलेलं. खेळाचं खरं नाव इंग्रजीत होतं आणि पडद्यावरून इतक्या झटकन जायचं, की आपल्याला ते कधी पुरतं वाचता आलं नाही. कारखान्यात पहिला संगणक आला तेव्हा तुम्ही त्या खोलीचे शिपाई होतात. अख्ख्या कारखान्यात गार हवेचं यंत्र फक्त त्या खोलीला, संगणकावर लाल मखमलीचं झाकण, आणि चपला बाहेर. चेअरमनसाहेबांच्यासुद्धा. (एका खंडेनवमीला कुणीतरी त्याला हळदकुंकू वाहिलं, कुंकू बटणांत गेलं, आणि पुण्याहून इंजिनिअर बोलवावा लागला. देव असता तर गप्प राहिला असता, असं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात.) तोच इंजिनिअर जाताना खेळाची फ्लॉपी विसरून गेला, असं तुम्ही सांगता. विसरला नाही, तुम्ही मागून घेतलीत, असं आई सांगते. गळीत हंगाम संपला की ऑफिस ओस पडायचं आणि तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे न्यायचात.

काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके. त्रिकोण म्हणजे डोंगर, नागमोडी रेघ म्हणजे नदी, चौकोन म्हणजे गाव, चौकोनाला एका बाजूला फट म्हणजे वेस. आणि तांदळाएवढा आपला माणूस. बाकीच्या खेळांत म्हणे समोर येईल त्याला मारायचं आणि पुढच्या पायरीवर जायचं. इथं पायऱ्याच नव्हत्या. जायचं तिकडे जा, हवं तितकं हिंड, अख्खा मुलूख मोकळा. आणि तुम्ही काय हिंडवायचात त्याला! नदीचे सगळे उतार तुम्हाला तोंडपाठ. कुठल्या झाडाखाली झोपलं की अस्वल येत नाही, कुठली बोरं खाल्ली की भूक भागते, सगळं ठाऊक. गाव आलं, की वळसा. वेशीत ठिपक्यांचा पहारेकरी उभा असायचा. जवळ गेलं, की खाली ओळ उमटायची, नाव सांगा. तुम्ही तिथूनच परत फिरायचात. "नाव इचारलं की मागं फिरायचं," असं तुम्ही मला शिकवलंत. मला वाटलं, खेळाचा नियमच आहे. मी तो पाढ्यासारखा पाठ केला. मग पुन्हा वळसा, पुन्हा रान, पुन्हा नदी. नदीचं पाणी पीत राहिलं की आज ना उद्या ताप यायचा, आणि तिसऱ्या डोंगराच्या अलीकडे माणूस मरायचा. दर वेळी. अवघड खेळ आहे, गोऱ्यांनी बनवलाय, असं तुम्ही म्हणायचात. आबाही एकदा येऊन बघून गेले होते आणि घरी येऊन आईला सांगत होते, की आकारामचा माणूस रानाचा राजा आहे.

आता यंदाचं. क्लाससाठी घेतलेली जुनी मशीनं जोडून द्यायला प्रसेनजीतदादा रजा काढून आला होता. (तुम्हाला त्यानं 'मित्राच्या लग्नाला जातो' असं सांगितलं असेल, तर तो त्याचा आणि तुमचा प्रश्न आहे.) पहिलं मशीन सुरू झाल्यावर त्यानं विचारलं, काय लावू? मी म्हटलं, मुलूख. तो हसला. त्याच्या आताच्या खेळांत माणसाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. पण बसला शोधायला. आणि मामा, आपला मुलूख जगप्रसिद्ध निघाला. परदेशातले लोक तो अजून खेळतात, त्याच्यावर एकमेकांना पानंच्या पानं लिहितात, थकलेल्या गवयाबद्दल लिहावं तसं. दादानं तो इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि या मशीनला आणखी जुनं असल्याची बतावणी करायला लावणारा एक प्रोग्राम बसवला. त्या पानांवर एकानं लिहिलं होतं, की मी हा खेळ एका दुपारी संपवतो. दादानं ते मोठ्यानं वाचलं. मग बराच वेळ आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. शेवटी प्रश्न घराण्याचा होता.

पडदा उघडला आणि मला वाटलं होतं रडू येईल, तर हसू आलं. किती थोडं होतं ते! माझ्या आठवणीतल्या रानात वारा होता, पानं होती, अस्वलाला डोळे होते. इथं बघते, तर अस्वल म्हणजे चार ठिपके आणि डोंगराचे त्रिकोणसुद्धा एका बाजूला कललेले. कारखान्याच्या त्या खोलीत मी जे बघितलं, त्यातलं निम्म्याहून जास्त पडद्यावर नव्हतंच, तुमच्या तोंडून येत होतं, हे मला तेव्हा समजलं. हे श्रेय तुमचं आहे, ते मी कुणापुढंही मान्य करेन.

दादा पुण्याला गेला आणि मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं, म्हणजे तुमच्या पद्धतीनं, खेळायला बसले. सगळे वळसे माझ्या बोटांच्या लक्षात होते. माणूस मेला. पुन्हा बसले, पुन्हा मेला. एकदा वीज गेली म्हणून मेला, ते मी धरत नाही. आबा मागं खुर्ची टाकून बसायला लागले. आई निवडायचं ताट घेऊन यायला लागली. (क्लासचं मशीन म्हणून आणलं आणि घरात सिनेमा सुरू झाला, असं ती म्हणायची आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.) मी पदवीधर आहे, मी संगणक शिकवते, आणि मला तिसरा डोंगर ओलांडता येत नव्हता.

मग कीबोर्ड बिघडला. जुना माल, वरच्या बाणाचं बटण जे आत गेलं ते वर येईना. माझा माणूस गावाला वळसा घ्यायच्या ऐवजी नाकासमोर चालू लागला. मी बाकीची सगळी बटणं बडवली, पण तो ऐकेना. वरातीतल्या घोड्यासारखा थेट वेशीत जाऊन पहारेकऱ्यापुढं उभा राहिला. ओळ उमटली, नाव सांगा.

"मागं फिरव," आबा म्हणाले.

मी सांगितलं, बटण अडकलंय. आणि मग माझ्या तोंडून कसं गेलं ठाऊक नाही, पण मी विचारलं, "का म्हणून फिरवायचं, आबा?"

"नाव इचारत्यात की."

"मग इचारू देत."

आईचं निवडणं थांबलं. मामा, आपल्या घरात नाव कुणी कधी सांगितलं नाही असं नाही. शाळेत सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, पोलिसांनासुद्धा सांगितलं, तुम्ही तर दोनदा. पण त्या वेळी माझ्या बोटांना घाम सुटला होता आणि समोर होते फक्त हिरवे ठिपके. रकान्यात आठच इंग्रजी अक्षरं मावत होती. माझं नाव आणि आडनाव एकत्र बसेना. एकच काहीतरी बसणार होतं. मी आडनाव घातलं.

या कांबळे, असं म्हणून पहारेकरी बाजूला झाला.

झालं, एवढंच. ढोल नाही, ताशा नाही. दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन करून विचारलं, की हा कुठली नावं आत घेतो आणि कुठली नाही. दादानं त्या लोकांची पानं धुंडाळली आणि सांगितलं, की त्या रकान्यात काहीही चालतं. उलटंसुलटं लिहा, नुसता आकडा लिहा, रिकामा ठेवला तरी चालतो. नाव तपासायची सोयच बनवणाऱ्यांनी केलेली नाही. पुढं गावातल्या लोकांनी हाक कशी मारायची, एवढ्यासाठी ते विचारतात. म्हणजे ज्याला बघून तुम्ही दर वेळी माघारी वळलात, त्याला तुम्हाला अडवताच येत नव्हतं.

आत गावाच्या मधोमध विहीर होती. काठावर दोनचार बायामाणसं, तीही आपल्या माणसाएवढ्याच ठिपक्यांची. मी कांबळेला विहिरीवर नेलं (आता त्याचं नाव तेच पडलं) आणि पाणी प्यायला लावलं. तहानेची पट्टी, जी आपण जन्मात कधी अर्ध्याच्या वर बघितली नव्हती, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. ताप आला नाही. कुणी काही बोललं नाही. एक बाई आपली घागर घेऊन निघून गेली, पण तिची वेळ झाली असेल. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एवढंच हुतं व्हय?" आणि ताट उचलून आत गेली. त्या दिवशी भात खाताना दाताखाली खडे आले.

यापुढं सगळं सुरळीत झालं असं समजू नका. रानात कसं वागायचं ते तुम्ही शिकवलंत, गावात कसं वागायचं ते कुणाला ठाऊक होतं? मी विहिरीवरची बादली उचलली, ती सार्वजनिक असेल असं समजून. ती चोरी ठरली. कांबळे दोन दिवस कोठडीत. (आपली बादली घेऊन जायची असते, एवढं कळत नाही का, असं आई म्हणाली. मी म्हटलं, त्यांनी पाटी लावायला हवी होती.) सुटल्यावर मी तडक पाटलाच्या वाड्यावर गेले. तिथं पाटील विचारतो, चाकरी करणार का? चाकरी केली की घोडा मिळतो, घोडा मिळाला की खेळ सोपा होतो. मी नाही म्हटलं. पुढच्या गावातही नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न होता. प्रत्येक गावात मी आधी ताठ मानेनं वेशीत नाव सांगायचे, मग विहिरीचं पाणी प्यायचे, मग पाटलाला नकार द्यायचे. परिणाम असा झाला, की मुलखात कांबळे या नावाची ख्याती पसरली. लोक बोलेनासे झाले, सरायवाला जागा देईना, एका गावात तर पोरं दगड मारायला लागली. आबा म्हणाले, पाणी मिळालं, आता भांडण कशाला? मी म्हटलं, भांडण मी करतच नाही, मी फक्त नाही म्हणते. आईनं मधला मार्ग सुचवला, की दोन दिवस राबून घोडा घ्यावा आणि घोड्यावर बसून नाही म्हणावं. आईचं राजकारण मला कधी जमलं नाही. कांबळेनं तिसरा डोंगर पायी ओलांडला.

होय, ओलांडला, मामा. पलीकडे दऱ्या होत्या, एक मोठं तळं होतं, त्याच्या काठानं सात गावं आणि लांबवर समुद्र. आणि एक गोष्ट तुम्हाला आनंदाची सांगते. तळ्याआधीच्या नदीला पूर आला होता आणि त्या परदेशी लोकांच्या पानांवर लिहिलं होतं, की इथं घोडा नसेल तर परत फिरा. मी तुमच्या पद्धतीनं काठाकाठानं वर गेले, दोन त्रिकोणांच्या मधला उतार शोधला आणि पायी पलीकडे गेले. हे त्या पानावर कुणालाच ठाऊक नव्हतं. दादानं ते इंग्रजीत लिहून कळवलं. कुणीतरी 'व्वा' अशा अर्थाचं उत्तर दिलं आहे. तेव्हा रानातलं तुमचं शिक्षण वाया गेलं, असं माझं म्हणणं नाही. ते अर्धं होतं, एवढंच म्हणणं आहे.

तात्या आले ते याच सुमाराला. बोर्डाचं बोलायला आले होते. मीनाबाई, तुम्ही तरी पोरीला समजवा, असं आईला म्हणाले आणि पडद्याकडे बघत राहिले. पहारेकरी कांबळेला या म्हणतो, ते त्यांनी दोन वेळा वाचलं. मग त्यांनीही कीबोर्ड मागून घेतला. तात्यांचा माणूस वेशीतून सरळ आत गेला, नाव सांगताना जराही अडखळला नाही, आणि आत गेल्यावर जो पाटलाच्या वाड्यावर बसला तो उठलाच नाही. नमस्कार, चमत्कार, जेवण, पुन्हा नमस्कार. वेशीबाहेर पाय टाकायचा, हे त्यांना सुचलंच नाही. तासाभरानं म्हणाले, खेळ चांगला आहे, पण यात काही घडत नाही. आबा इतके हसले, की त्यांचा जुना खोकला परत आला.

मग तात्यांनी विषय काढला. ते मनापासून बोलत होते, हे मला लिहिलंच पाहिजे. मी काही मानत नाही, माझ्या घरात तुम्ही केव्हाही या, पण चौक आहे, लोक आहेत, तुझंच नुकसान होईल. त्यांनी एक तोडही आणली होती, की आडनाव घालायचंच तर खाली अगदी बारीक अक्षरात घाल, म्हणजे घातल्यासारखं होईल आणि वाचल्यासारखं होणार नाही. "अक्षता नाव गोड आहे की गं," ते म्हणाले. "नुसतं तेवढंच पुरे की."

"तात्या, तुमच्या दारावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्यांच्या दारावर त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि पदवी पितळेत आहे. ते चहा गार झाला म्हणाले. आईनं दुसरा ठेवला.

तुम्ही म्हणाल, पोरगी खेळावरून जग शिकायला लागली. तसं नाही, मामा. खरी वेस ठिपक्यांची नसते, हे मला कळतं. खरा पहारेकरी नाव वाचतो आणि मग दिवे गेलेत, उद्या या म्हणतो. तुम्ही पुण्यात खोलीसाठी किती दारं फिरलात, मामी प्रसेनजीतदादाचा हात धरून जिन्यात किती वेळ उभ्या राहिल्या होत्या, ते आईनं मला सांगितलं आहे. तुम्हाला घर हवं होतं, मामींना नळ हवा होता. पन्हाळकर झाल्यावर दोन्ही मिळालं. मी तुम्हाला त्यासाठी नावं ठेवत नाही. माझ्या वेळी दार लागलं तर मलाही कळेल, की किती लागतं. कदाचित चौकातले आईबाप पोरं पाठवणार नाहीत. कदाचित करार संपल्यावर तात्या कुलूप बदलतील. पण ते त्यांनी करावं. त्यांच्या वतीनं मीच आधी माघारी फिरायचं आणि घरी येऊन म्हणायचं, की अवघड खेळ आहे, हे मला जमणार नाही. मी बी.एस्सी. झाले तेव्हा गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि नाव नंतर होतं. तेव्हा तुम्हीच पेढे वाटलेत. ते आडनाव परीक्षेला चाललं, तर पोरांना टायपिंग शिकवायला का चालू नये?

आबांचं मात्र मला वाईट वाटतं. ते रागावत नाहीत, नुसतं म्हणतात, आपण कशाला पुढं पुढं करायचं. त्यांना माझ्या क्लासची काळजी आहे, आडनावाची लाज नाही, हे मला ठाऊक आहे. पण बोर्डाचा विषय निघाला, की ते उठून अंगणात जातात. आणि संध्याकाळी परत येऊन, चप्पल काढता काढता, रोज विचारतात, की कांबळे कुठवर गेला?

असो. तुम्ही वडीलधारे आहात. माझ्या शिक्षणाला आधार तुमचा, संगणक मला पहिल्यांदा दाखवला तुम्ही. तेव्हा सगळं तुमच्यापुढं मांडलं आहे. नीट विचार करा, मामींशी बोला, आणि बोर्डावर काय असावं याबद्दल तुमचं मत सवडीनं कळवा. मी वाट बघते. गुडघ्याला शेक देत जा. मामींना जयभीम, आणि त्यांच्यासाठी आईनं मेथीची पूड पाठवली आहे, ती तुम्ही खाऊ नका.

तुमची भाची
अक्षता

ता. क. - एवढं सगळं लिहिलं आणि ज्यासाठी लिहायला घेतलं तेच राहिलं. क्लासचं उद्घाटन बुद्धपौर्णिमेला सकाळी दहा वाजता ठरवलं आहे आणि ते तुमच्या हातून व्हावं, अशी माझी, आईची आणि आबांची इच्छा आहे. नाही म्हणू नका. दुसऱ्या कुणाचं नाव आम्ही धरलेलंच नाही.

ता. क. २ - हँडबिलं छापून झाली आहेत आणि वर्तमानपत्रातून चौकात घरोघरी गेलीही. त्यांवर 'उद्घाटक : श्री. आकाराम धोंडी कांबळे, या भागात संगणकाला पहिला हात लावणाऱ्यांपैकी एक' असं आहे. (पुसण्यासाठी का होईना, लावलात ना?) पन्हाळकर हे नाव मी छापखान्यात सांगितलं नाही, कारण त्या नावाचे माझे कुणी मामा नाहीत. दादानं एक प्रत तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावली असेल, तर त्याला बोलू नका, ते मी सांगितलं होतं.

ता. क. ३ - तुमचं मत कळवा असं वर लिहिलं, ते आदरापोटी लिहिलं. बोर्ड परवा सकाळीच लागला. तात्या मुलीकडे सांगलीला गेले आहेत, गुरुवारी येऊन बघतील. पिराजी पेंटरनं विचारलं होतं, ताई, आडनाव मोठं काढू का लाजत काढू? मी मोठं म्हटलं. खिळे मी ठोकले. शिडी आबांनी धरली.